सज्ञान माणसाचं कायदेशीर पालकत्व: घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

माझा धाकटा भाऊ आता चाळिशीत आहे. त्याला अक्षरं येतात, नोटा ओळखता येत नाहीत, आणि घरातली कुठली छत्री कुणाची हे फक्त त्यालाच आठवतं. त्याचं पालकत्व आधी आईकडे होतं, आता माझ्याकडे आहे. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात ज्या खेपा घातल्या, त्यातून दुसऱ्यांचे अर्ज भरून द्यायची सवय लागली. खालचे प्रश्न तिथल्या बाकावर बसून ऐकलेले आहेत. मी वकील नाही. कोर्टाची पायरी चढायची असेल तर वकील गाठावाच लागतो, पण पुष्कळ घरांना ती चढावी लागत नाही.

मुलगा अठरा वर्षांचा झाला. आम्ही त्याचे आईवडील आहोत, मग वेगळं पालकत्व कशाला?

कायद्याच्या लेखी अठराव्या वाढदिवसाला तुमचं पालकत्व संपतं. मूल चालू शकतं का, बोलू शकतं का, याच्याशी त्या तारखेला काही देणंघेणं नाही. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा काय किंवा १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा काय, दोन्ही अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांपुरते आहेत.

घरात याने काहीच बदलत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते काउंटरवर. एका आईने मुलाचा जन्मदाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, रेशनकार्ड, सगळं पिशवीतून काढून मांडलं. पलीकडचा पोरगा चांगला होता, पण म्हणाला, "काकू, खातं त्याच्या नावावर आहे ना? मग सही त्याची लागेल." मुलगा शेजारीच उभा होता आणि काउंटरला दोरीने बांधलेल्या पेनशी खेळत होता. चूक कोणाचीच नव्हती.

म्हणजे प्रत्येक दिव्यांग मुलासाठी पालकत्व घ्यावंच लागतं का?

नाही. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण "सगळे घेतात म्हणून" घेणारे बरेच दिसतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सरळ म्हणतो की दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे. मालमत्ता बाळगायचा, पैशांचे व्यवहार करायचा, कर्ज घ्यायचा तिला अधिकार आहे. पालक ही अपवादाची सोय आहे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलीसाठी तिचे वडील अर्ज घेऊन आले होते. तिचं बोलणं बाहेरच्याला कळत नाही, हातात पेन ठरत नाही. पण वडील फॉर्ममध्ये तिची जन्मतारीख चुकीची लिहीत होते तेव्हा तिनेच हुंकार देऊन त्यांना थांबवलं. तिला पालक नको होता, तिचं बोलणं समजून सांगणारं माणूस हवं होतं. अर्ज तिथेच फाडला.

सही करता येत नाही एवढीच अडचण असेल तर बँकेत त्यालाही वाट आहे. आजारी, वृद्ध किंवा असमर्थ खातेदाराचा अंगठा, आणि अंगठाही उमटवता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेता येतो. त्यासाठी बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. रिझर्व्ह बँकेची ही जुनी सूचना आहे. शाखेत सांगितलं की आधी भुवया उंचावतात, मग कोणीतरी वरिष्ठ उठून येतात. मात्र खातेदाराला आपण काय करतोय हे कळत असलं पाहिजे. ते कळत नसेल तर ठसा घेऊन उपयोग नाही.

अर्ज नक्की कुठे करायचा? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सगळे बहुधा आपापल्या घरापुरतं खरंच सांगत असतात. आपल्याकडे दार ठरतं ते आजारावरून. गरज एकच असली तरी कारण वेगळं असेल तर कायदा वेगळा. हे मला आजही पटत नाही, पण अर्ज भरताना पटण्याचा प्रश्न नसतो.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा यांपैकी काही धरून बहुविकलांगता असेल तर १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा लागू होतो आणि जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज जातो. डाऊन सिंड्रोमची मुलं बौद्धिक अक्षमतेखाली येतात. सगळ्यांत सोपं दार हेच. १९९९ च्या कायद्यात बौद्धिक अक्षमतेला 'मतिमंदत्व' असा जुना शब्द आहे. फॉर्मवर तो दिसला तर वाईट वाटून घेऊ नका, पुढे चला.

मनोविकार असेल, उदाहरणार्थ स्किझोफ्रेनिया, तर ही समिती अर्ज घेणार नाही. पक्षाघात, अपघात, कोमा, स्मृतिभ्रंश यांचेही अर्ज ती घेत नाही. त्यांचं खाली वेगवेगळं लिहिलं आहे. समितीच्या दारातून परत पाठवलेली निम्मी माणसं याच गोंधळातली असतात. एक आजोबा पत्नीच्या अल्झायमरचे कागद घेऊन तालुक्याहून तीनदा आले होते. पहिल्याच खेपेला कुणी सांगितलं असतं तर एसटीचे पैसे तरी वाचले असते.

ही स्थानिक स्तर समिती म्हणजे कोण?

अध्यक्ष जिल्हाधिकारी. सोबत राष्ट्रीय न्यासाकडे (त्या १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था) नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. ज्याच्यासाठी पालक हवा तो जिथे राहतो त्या जिल्ह्याची समिती धरायची. मुंबईकरांनी आधी आपण मुंबई शहर की उपनगर हे बघावं, दोन्हींचे जिल्हाधिकारी वेगळे आहेत. समितीची बैठक रोज नसते. जिल्हाधिकाऱ्यांना निवडणुका, दुष्काळ, पूर, मंत्र्यांचे दौरे असं सगळं असतं, त्यामुळे अर्ज दिल्यावर "पुढची बैठक कधी" हे विचारत राहायचं. न्यासाची जी नोंदणीकृत संस्था तुमच्या जिल्ह्यात असेल तिला गाठलंत तर निम्मं काम हलकं होतं.

कोणते कागद लागतात?

अर्ज 'फॉर्म ए'वर. त्याला दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, दोघांचे फोटो, आणि आईवडील किंवा इतर नातलगांची संमती. भावंडं असतील तर त्यांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा. जमिनीवरून बोलणं बंद असलेला एक भाऊ असतोच, आणि अर्ज अडतो तो त्याच्यापाशीच.

समितीसमोर मुलाला न्यावं लागतं का? काय विचारतात?

न्यावं. पालक खरंच हवा आहे का आणि कशासाठी हवा आहे, हे बघणं समितीचं काम आहे. कायद्यातच तसं लिहिलंय. आमच्या वेळी साहेबांनी आईला काही विचारण्याआधी भावाकडे बघून विचारलं, "घरी तुझं कोण करतं?" त्याने आईकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे. मग थोडा विचार करून शेजारच्या खुर्चीवर ठेवलेल्या आईच्या पर्सकडे. साहेब हसले, पण कारकुनाला त्यांनी "आई आणि बहीण" एवढंच लिहायला सांगितलं. बाकी प्रश्न साधे होते: उत्पन्न काय, त्याच्या नावावर काय आहे, दिवसभर तो कुठे असतो.

मंजुरीचं पत्र 'फॉर्म बी'. लोक ज्याला पालकत्व प्रमाणपत्र म्हणतात ते हेच. बँकांनी ते मान्य करावं अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तरी एखाद्या शाखेत "कोर्टाचं आणा" म्हणालेच, तर लेखी नकार मागा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

पालक कोण होऊ शकतं? मुलगी अमेरिकेत आहे, ती चालेल का?

नियमांनुसार पालक भारताचा नागरिक असावा, स्वतः मनाने ठीक असावा, गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, दिवाळखोर नसावा आणि पोटापाण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून नसावा. म्हणजे मुलीने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर नाही. ठाण्यात, पुण्यात असे पालक दर महिन्याला भेटतात. धाकट्याची जबाबदारी मोठीने घ्यायची हे ठरलेलं असतं आणि मोठीचा पासपोर्ट बदललेला असतो. नागरिकत्व भारताचंच असलं तरी न्यू जर्सीत राहून इथल्या भावाचं दुखणंखुपणं कसं बघणार, हे समिती विचारणारच.

मुलीसाठी पालक हवा असेल तर आणखी एक नियम आहे: एकट्या पुरुषाला पालक नेमत नाहीत. विवाहित भाऊ किंवा काका असेल तर तो पत्नीसह सहपालक होतो आणि त्यात मुख्य ती असते. वहिनीला विचारल्याशिवाय भावाचं नाव घालू नका, हे सांगायला कायदा लागायला नको होता.

पालक झाल्यावर काय काय करावं लागतं?

सांभाळ तर आलाच. कागदावर दोन गोष्टी असतात. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, 'फॉर्म सी'वर. आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, जमाखर्च 'फॉर्म डी'वर.

यादी करताना मी आधी लिहिलं "काही नाही". मग आजीची साखळी आठवली, तिने त्याच्या नावाने ठेवलेली. मग पोस्टातलं खातं, आणि आईने मुदत संपून पुन्हा गुंतवलेल्या दोन एफडी. पगाराच्या दिवशी वडील त्याला द्यायचे ते दहाच्या नोटांचं पुडकं त्याच्या कपाटात सापडलं, ते मात्र मी यादीत घातलं नाही. बरीच घरं हिशेब देतच नाहीत आणि कुणी विचारतही नाही. तरी ठेवा. भावंडांत वाद झाला तर तुमच्या बाजूने तीच वही बोलेल.

पालक झालो की त्याच्या नावावरची जमीन विकता येते का?

समितीच्या पत्रावर विकायला जाऊ नका. दुय्यम निबंधक कार्यालयात कोर्टाची परवानगी विचारतात, आणि ते योग्यच आहे. सातबाऱ्यावर नाव असलेल्या मुलाचा पालक व्हायला जे चुलते एकदम पुढे येतात, त्यांना समितीही ओळखून असते.

आमच्यानंतर काय? मृत्युपत्रात पुढचा पालक लिहून ठेवला तर?

मृत्युपत्राने पालक नेमता येतो तो अज्ञान मुलांसाठी. सज्ञान मुलासाठी मृत्युपत्रातलं नाव ही तुमची इच्छा ठरते. ती लिहून ठेवा, समितीला तिचा उपयोग होतो. पण नेमणूक समितीच करणार. म्हणून हातपाय चालताहेत तोवर पुढच्या माणसाला सहपालक करून घेणं शहाणपणाचं.

पैशांचं वेगळं. घर थेट त्याच्या नावावर करून ठेवलंत तर प्रत्येक व्यवहाराला कोर्ट. त्यापेक्षा १८८२ च्या विश्वस्त कायद्याखाली खाजगी ट्रस्ट करून मुलगा लाभार्थी आणि दोन-तीन विश्वस्त असं केलेलं बरं पडतं. हे मात्र चांगल्या वकिलाकडूनच करून घ्या. आणि तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव आपल्या कार्यालयात हयातीतच नोंदवून घ्या. नंतर त्याच्यासाठी खेटे घालणारं कुणी असेलच असं नाही.

वडिलांना स्मृतिभ्रंश झालाय. त्यांनी पाच वर्षांपूर्वी माझ्या नावे मुखत्यारपत्र केलंय. मग काळजी नाही ना?

काळजी आहे. करार कायदा १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याचं मन जाग्यावर राहिलं नाही की मुखत्यारपत्र संपतं. ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, नेमक्या त्याच दिवशी ते गळून पडतं. काही देशांत क्षमता गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र असतं. आपल्याकडे ते नाही. सर्वांत जास्त माणसं इथे फसतात, आणि फसवणारे नेहमी परकेच असतात असंही नाही. मुखत्यारपत्र दाखवून आईचा फ्लॅट विकलेले मुलगे मी पाहिले आहेत. आईला फ्लॅट विकलाय हे तीनदा सांगितलं तरी तिने तीनदा पहिल्यांदाच ऐकलं.

निदान नुकतंच झालं असेल, माणूस अजून समजून बोलत असेल, तर त्या काळात करता येण्यासारखं बरंच आहे: खातं जोडीने, 'दोघांपैकी एक किंवा हयात' असं करून घेणं, नॉमिनी लावणं, मृत्युपत्र करणं. मृत्युपत्राला करणाऱ्याचं मन त्या वेळी शाबूत असावं लागतं, म्हणून त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. "एवढ्यात काय घाई" म्हणणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. त्याला चहा द्या आणि काम चालू ठेवा.

वेळ निघून गेली असेल तर उच्च न्यायालय.

नवरा अपघातानंतर कोमात आहे. बँक पैसे देत नाही, हॉस्पिटलचं बिल थांबत नाही.

कोमातल्या माणसाचा पालक नेमायला आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही. म्हणून संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. ज्याचं कोणी नाही त्याचं न्यायालय, या जुन्या तत्त्वावर न्यायालय पालक नेमतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यासाठी कार्यपद्धती घालून दिली: वैद्यकीय मंडळाकडून तपासणी, महसूल अधिकाऱ्याची घरभेट, मालमत्तेचा तपशील, आणि नेमणुकीनंतर दर सहा महिन्यांनी अहवाल. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२० मध्ये अशाच अवस्थेतल्या माणसाच्या पत्नीला पालक नेमलं.

मुंबई गाठावीच लागते असं नाही. नागपूर, औरंगाबाद आणि गोव्याची खंडपीठं आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे, ते सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांचं. याचिकेत प्रत्येक बँक खातं, विमा, गाडी, सोसायटीचा शेअर दाखला नावानिशी लिहा. आदेशात नसलेल्या खात्यासाठी शाखा पुन्हा वेगळा आदेश मागते.

नातं म्हणजे रक्ताचंच का, हा प्रश्नही न्यायालयासमोर येऊन गेला आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्या वतीने बोलायचा हक्क याचिका करणाऱ्या लेखिकेला न देता, वर्षानुवर्षं त्यांचं सगळं करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. पाठीला एकही जखम न होऊ देता त्यांनी त्यांना २०१५ पर्यंत सांभाळलं.

मुलीला स्किझोफ्रेनिया आहे. तिचं पालकत्व?

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय पालक आणि मालमत्तेचा व्यवस्थापक नेमू शकत होतं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि ती तरतूद गेली. आता आहे तो 'नामनिर्देशित प्रतिनिधी', उपचारांपुरता. तो कोण हे ती बरी असताना स्वतः लिहून ठरवू शकते. कसे उपचार हवेत, कसे नकोत, हेही ती आधी लिहून ठेवू शकते. पैशांवर मात्र या प्रतिनिधीचा अधिकार नाही. आणि मनोविकाराचं निदान झालं म्हणजे माणूस 'वेडा' ठरला असं कायदा मानत नाही. ते सक्षम न्यायालयाने ठरवावं लागतं.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातलं 'मर्यादित पालकत्व' काय आहे?

पुरेसा आणि योग्य आधार देऊनही एखादा निर्णय घेता येत नसेल, तर जिल्हा न्यायालय किंवा राज्याने नेमलेला अधिकारी ठराविक निर्णयासाठी, ठराविक मुदतीसाठी पालक देऊ शकतो. त्याने त्या माणसाशी बोलून, त्याच्या इच्छेने चालायचं असतं. पुन्हा पुन्हा गरज पडत असेल तर पूर्ण आधारही देता येतो, पण न्यायालयाने त्याचा फेरआढावा घ्यायचा असतो. या कायद्याच्या यादीत पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, मनोविकार आहेत; स्मृतिभ्रंशाचं नाव वेगळं नाही. मला हाच विचार बरोबर वाटतो, सगळा माणूस दुसऱ्याच्या नावे करण्यापेक्षा एक निर्णय. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र हे कलम माहीत असलेला कारकून भेटला तर नशीब समजा.

पालकत्व दिलं की मतदानाचा हक्क जातो का?

नाही. मतदार यादीतून नाव जातं ते सक्षम न्यायालयाने मनाने विकल ठरवलं तर. समिती हे न्यायालय नाही. माझा भाऊ मतदान करतो आणि बोटावरची शाई आठवडाभर सगळ्यांना दाखवतो.

पालकच पैसे खात असेल, मारत असेल तर?

राष्ट्रीय न्यासाखालचा पालक असेल तर आईवडील, नातलग किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे त्याला काढण्याचा अर्ज करू शकतात. दुर्लक्ष, छळ, मालमत्तेचा अपहार किंवा हेळसांड ही कारणं पुरतात. न्यायालयाने नेमलेला असेल तर त्याच न्यायालयात जायचं. शेजाऱ्यांनी थेट अर्ज करता येत नसला तरी संस्थेला एक फोन करायला काहीच हरकत नाही.

वकिलाचे पैसे परवडत नाहीत.

समितीकडे वकील लागत नाही. कोर्टासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. दिव्यांग व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

प्रमाणपत्र हातात आलं. आता आधी काय करू?

झेरॉक्स. दहा तरी काढा आणि साक्षांकित करून ठेवा. मूळ प्रत लॅमिनेट करू नका. एका कार्यालयात त्यावर शिक्का मारता येईना म्हणून आम्हाला दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा अर्ज करावा लागला. मग बँक, पोस्ट, पेन्शन कार्यालय, या क्रमाने. सहा महिन्यांच्या यादीची तारीख कॅलेंडरवर लिहा. आणि बँकेत जाताना त्याला सोबत न्या, पेन त्याच्या हातात द्या. पासबुकावर सही माझी असली तरी पासबुक मशीनमध्ये घालायचं काम आमच्याकडे त्याचंच आहे.